तरवड सामान्य आहे, सबब हे पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या माळांवर काय लावायचं आणि काय उपटायचं हे ठरवणारे सर्व अधिकारी, अंदाजपत्रक करणारे अभियंते आणि त्यावर सही करणारे सर्व जण.

विषय : तरवड हे झुडूप ‘सर्वत्र आढळते’ या कारणावरून ते मुळासकट काढण्याबाबत.

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कार्यालयाचं मला उत्तर आलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका टेबलाशी नाही. उत्तर अडीच ओळींचं होतं : ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर वनस्पती सर्वत्र मुबलक आढळणारी असून संरक्षित यादीत समाविष्ट नाही. सबब याबाबत वेगळ्या कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ खाली सही, जावक क्रमांक आणि शिक्का. उत्तर आलं याबद्दल आधी आभार मानतो. माझ्या आधीच्या दोन अर्जांच्या नशिबी तेही नव्हतं.

या अडीच ओळींत खोटं काही नाही. तरवड मुबलक आहे, हे खरं. यादीत नाही, हेही खरं. माझी गाडी अडली ती ‘सबब’ या शब्दापाशी. पहिल्या वाक्यातून दुसरं वाक्य कसं निघालं, हे मला चार दिवस कळेना. म्हणून हे पत्र, आणि ते उघड्यावर, कारण हा ‘सबब’ एकट्या तरवडापुरता राहणार नाही.

आधी झालं काय ते सांगतो.

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर एका गावच्या गायरानाचा उतार आहे. वर बरड, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस पडला तर कुसळी आणि पवन्या गवत गुडघ्याएवढं होतं, नाही पडला तर जमीन तशीच तांबूस-करडी राहते. तिथे तरवड पिढ्यान्‌पिढ्या होता. कुणी लावलेला नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. तीन उन्हाळ्यांपूर्वी, वैशाखात, तिथे जेसीबी आला. वृक्षलागवडीसाठी खड्डे घ्यायचे होते आणि अंदाजपत्रकात एक बाब होती : ‘जागेची साफसफाई करणे, झुडपे मुळासह काढणे.’ दोन दिवसांत उतार साफ झाला. पावसाळ्यात ग्लिरिसिडिया, गुलमोहर आणि थोडे करंज लागले, फोटो निघाले, फलक उभा राहिला. टँकर दोनदा आल्याचं गावकरी सांगतात. होळीपर्यंत बहुतेक खड्ड्यांत काटक्या आणि काळ्या पिशव्यांच्या चिंध्या उरल्या होत्या.

हे इथवरचं तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यावर मी पत्र लिहिलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात मी सहज तिकडे गेलो. खड्ड्यांच्या कडेला उकरलेल्या मातीचे ढीग पडले होते, त्यांवर तरवडाची रोपं उगवलेली. पोपटी, बोटभर, रांगच्या रांग. मातीत जुनं बी पडलेलं होतं, जेसीबीने ते खालीवर केलं आणि बाकीचं काम पावसाने केलं. सरकारी पैशात झालेली ती खरी लागवड होती, फक्त कागदावर नव्हती. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की माळाने आपलं आपण निस्तरलं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर नांग्या भरायला मजूर आले होते. मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं चालली होती आणि सोबत निंदणी. तरवडाची रोपं उपटून बांधाला टाकलेली. मी एका बाईंना विचारलं, मावशी, हे का काढलं? त्या म्हणाल्या, “सायेब म्हनले, वळीतलं सोडून समदं काढा. तरवड वळीत न्हवता.”

मावशींचं काही चुकलं नाही. त्यांना रोज मिळतो तो ओळी राखण्याचा. पण एकच झुडूप एकाच जागेवरून दोनदा काढलं गेलं, दोन्ही वेळा सरकारी खर्चाने आणि दोन्ही वेळा झाडं लावण्याच्या नावाखाली. तेव्हा मी पहिला अर्ज केला.

मी कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. तीस वर्षांहून जास्त काळ एका शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. आठवीच्या पुस्तकात फुलाचे भाग शिकवायला जास्वंद दिलेली असायची. पन्नास मुलांना पन्नास जास्वंदी आणायच्या कुठून? आमच्या भागात घरापुढे मागाचा खडखडाट, कुंडीलाही जागा नाही. मग मी सायकलवरून माळावर जायचो आणि पिशवीभर तरवडाची फुलं आणायचो. पाच पिवळ्याधमक पाकळ्या आणि दहा पुंकेसर, तेही सगळे सारखे नाहीत. काही आखूड, काही लांब, वाकडे. मुलं विचारायची, सर, हे फूल बिघडलंय का? बिघडलेलं नाही, ती त्याची युक्ती आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. पाहुण्याला द्यायला आहे ते परागच, आणि तेही बंद डबीत. परागकोश इतर फुलांसारखा उभा फाटत नाही, त्याला टोकाशी बारीक छिद्र असतं, मीठदाणीसारखं. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला कवटाळतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या थरथरीने पराग बाहेर उडतो. आखूड पुंकेसरांतला तो खातो, लांब पुंकेसरांतला त्याच्या पाठीपोटाला लागून पुढच्या फुलावर जातो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. मी वर्गात ध्वनीच्या पाठातला नादकाटा वाजवून परागकोशाला टेकवायचो. काळ्या कागदावर पिवळी भुकटी पडली की पन्नास मुलांचा एकच ‘ओऽऽ’ निघायचा. माझ्या अख्ख्या नोकरीतला तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात यशस्वी प्रयोग. त्यातली काही मुलं आज तुमच्या कार्यालयांतही असतील.

घरचं नातं वेगळं. आमच्या घटाला तरवडाची माळ लागते. कारळ्याची फुलं, झेंडू, काय असेल ते असो, पण पहिली माळ तरवडाची, हा आईचा दंडक. घरोघरी प्रथा निराळ्या असतात, पण आपल्याकडे आणि खाली तुळजापूरच्या अंगाने बाजारात घटस्थापनेच्या पहाटे तरवडाच्या जुड्या घेऊन खेड्यांतल्या बायका बसतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. त्याच दिवसांत आमच्या शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात बतुकम्मा मांडली जाते. ताटात फुलांचे थर रचत नेतात, खाली रुंद, वर निमुळते. त्यात मुख्य फुलं दोन : गुनुगू म्हणजे आपला कुरडू आणि तंगेडू म्हणजे आपला तरवड. भाद्रपदातल्या अमावास्येपासून नऊ दिवस हा खेळ चालतो आणि शेवटी बतुकम्मा पाण्यात सोडतात. एका भिंतीच्या अलीकडे जे फूल घटावर चढतं, तेच पलीकडे ताटात रचलं जातं. पुढच्या गल्लीतल्या कानडी बोलणाऱ्या मंडळींसाठी तेच तंगडी. या शहरात तीन भाषांत तीन नावं असलेली आणि तिन्ही घरांत लागणारी गोष्ट तरवडाशिवाय मला पटकन दुसरी सुचत नाही. चादर सोडून.

गेल्या नवरात्रात शेजारच्या अक्कांनी मला जिन्यातच विचारलं, “तंगेडू दोरकलेदा?” मिळालं नाही का? पूर्वी मी त्यांच्यासाठीही आणायचो. आता पिशवी भरायला मला गावाबाहेर नव्हे, तालुक्याबाहेर जावं लागतं. बाजारातल्या जुड्याही लांबून येतात, हे त्या विकणाऱ्या बायकाच सांगतात. शेजारच्या तेलंगणाने वेगळं राज्य होताच २०१४ मध्ये हेच तंगेडू आपलं राज्यपुष्प केलं आणि बतुकम्मा राज्याचा सण. महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण आहे. सुंदर फूल, तक्रार नाही, पण ते पाणथळ, दमट मुलखाचं झाड. आपल्या साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात ते बागेतच बघायचं.

आता त्या ‘सर्वत्र आढळते’कडे येतो.

जगभरातल्या सजीवांना धोका किती, याची एक लाल यादी आययूसीएन ही संस्था १९६४ पासून ठेवते. तिच्यात अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित असे रकाने आहेत आणि एक रकाना ‘किमान चिंता’ असा आहे. त्या रकान्याच्या व्याख्येतच म्हटलंय की सर्वदूर पसरलेल्या आणि मुबलक असलेल्या जाती यात येतात. तरवड भारतात, श्रीलंकेत, म्यानमारमध्ये कोरड्या मुलखात पसरलेला आहे. त्याची चिंता जगाने किमान करावी, हे मला मान्य आहे. उद्या तरवड पृथ्वीवरून नाहीसा होईल असं मी कुठल्याच अर्जात लिहिलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर तुम्ही मला हसला असता आणि ते योग्यच झालं असतं.

पण लाल यादी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते : ही जात जगातून नाहीशी होण्याची शक्यता किती? या गावच्या उतारावर ती राहील का, इथल्या भुंग्याला पराग मिळेल का, अक्कांना फुलं मिळतील का, हे त्या यादीला कुणी विचारलेलंच नाही. तापमापकात बघून कुणी रक्तदाब सांगत नाही. शिवाय ‘किमान चिंता’ म्हणजे ‘खुशाल काढा’ असा शेरा नव्हे. माणूस हा प्राणीही त्याच रकान्यात आहे.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त छळते. एखादी जात ‘असुरक्षित’ ठरवायची एक कसोटी अशी, की दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, तिची संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटलेली असावी. घट झाली हे कळायला आधी किती होती हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. दुर्मीळ फुलाची प्रत्येक पाकळी मोजली जाते. तरवड कोण मोजतो? मी तीस वर्षं दर पावसाळ्यात त्याची फुलं तोडली आणि एकदाही झुडपं मोजली नाहीत. विज्ञानाचा शिक्षक असून. त्यामुळे आज मी ‘कमी झाला’ म्हणतो, तेव्हा तुम्ही ‘आकडा दाखवा’ म्हणता आणि माझ्याकडे फक्त रिकामी पिशवी असते.

सामान्य असणं किती पोकळ असतं हे सोलापूरकरांना तरी शिकवायला नको. गिधाडं आठवतात ना? गावाबाहेर ढोर टाकलं की थवे उतरायचे, पोरं दगड मारायची. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड हा एकेकाळी जगातला बहुधा सर्वांत मुबलक मोठा शिकारी पक्षी मानला जायचा. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतात त्याची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण निघालं जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक. त्यावर बंदी आली २००६ मध्ये, आणि तोवर मोजायला फारसं उरलं नव्हतं. माळढोकाचं तर आपल्या दारातलं. त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात. पुढे ते घटवून सव्वा हजारांच्या आत आणलं. २०११ मध्ये माळढोक अतिसंकटग्रस्त ठरला. त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या मनोऱ्यावर आज जाणारा माणूस काळवीट बघून समाधानाने परततो. माळढोक मिळत नाही तेव्हा आपण विचारतो की पक्षी कुठे गेला. त्याच्या पायाखालचा माळ कुठे गेला, हे विचारायला कुणी मनोऱ्यावर चढत नाही.

‘संरक्षित यादीत नाही’ याबद्दलही थोडं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात वनस्पतींची यादी आली आणि तिच्यात नोंदी होत्या सहा. घटपर्णी, कुठ, दोन वांडा ऑर्किड, लेडीज स्लिपर ऑर्किडं आणि एक सायकस. आमच्या माळावर यातलं काहीच उगवत नाही. पण त्या सहांत कडुलिंब नव्हता, वड नव्हता, पिंपळही नव्हता. म्हणून ‘वड मुळासह काढणे’ अशी बाब वृक्षलागवडीच्या अंदाजपत्रकात कुणी घातल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हा यादी हे खरं कारण नसावं. खरं कारण असं की, वड तुमच्या डोळ्यांना झाड दिसतो आणि तरवड कचरा दिसतो.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार एका शब्दाबद्दल आहे : पडीक. सातबारावर पडीक, नकाशावर पडीक, देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह निघतो त्यातही गवताळ आणि झुडपी माळ पडीकच्या रकान्यात. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही करणं ही सुधारणाच ठरते. मुरूम उपसला तरी सुधारणा, सौरपट्ट्या टाकल्या तरी, खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया लावला तरी. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढे खड्डे घ्यायला जागा लागते आणि जागा नेहमी माळावरच सापडते. या माळाला जंगल व्हायचंय, फक्त कुणी मदत केली नाही, अशा समजुतीने काम चालतं. त्याला जंगल व्हायचं नाहीये. आपल्या पावसात, आपल्या मुरमावर गवत आणि विरळ झुडपं हीच त्याची पुरी वाढ झालेली अवस्था आहे. धावीक, चंडोल, खोकड, लांडगा ही सगळी मंडळी उघड्यावर राहणारी. त्यांना सावली देण्याचा आपला आग्रह म्हणजे माशाला टॉवेल देण्यासारखं आहे. धनगरांना विचारा, ते या जमिनीला कधी पडीक म्हणत नाहीत. ते रान म्हणतात.

दुसरी तक्रार रस्त्यांची. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत मीही बरीच वर्षं होतो. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर. पहाटे उजाडताना दोन्ही कडांना तरवड पिवळा दिसायचा, पोरं फुलं तोडून आईला वाहायला घ्यायची. रस्ता रुंद झाला. व्हायलाच हवा होता, मी त्याविरुद्ध नाही, परतीची गाडी आता लवकर पोचते. पण दुभाजकात बोगनवेल लागली, दक्षिण अमेरिकेतली, आणि तिला उन्हाळ्यात टँकरने पाणी घालतात. ज्या झुडपाला पाणी लागत नाही ते कडेने काढायचं आणि ज्याला लागतं ते मधोमध लावून टँकरचं बिल काढायचं, यात माझ्या शालेय गणिताला काहीतरी खटकतं. आता कडेला जे थोडं उगवतं तेही पावसाळा सरताच यंत्राने कापतात. तरवडाची शेंग चपटी, पातळ, बोटभर लांब. ती वाळायला हिवाळा यावा लागतो. शेंग हिरवी असतानाच कापणी झाली की त्या वर्षीचं बी गेलं. दहा वर्षं असं करा, जमिनीतलाही साठा संपतो. त्यासाठी कुणाची वाईट बुद्धी लागत नाही, एक चुकीची तारीख पुरते.

तिसरी तक्रार छोटी आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली गावोगाव समिती असते आणि गावात काय काय उगवतं, लोक ते कशाला वापरतात, याची लोकजैवविविधता नोंदवही असते. मी त्या गावात नोंदवही बघायला मागितली. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते बदलून गेले होते.

चौथी आमची आपलीच आहे, ती लपवत नाही. आम्ही फुलं तोडतो तेव्हा फांदीसकट मोडतो. मीही मोडल्यात. पूर्वी झुडपं इतकी होती की मोडलेलं दिसायचं नाही. शिवाय साताऱ्याच्या कासला फुलं बघायला आम्ही आधी नोंदणी करून जातो, रांगेत उभे राहतो, पायवाट सोडत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा झाली, त्यात ते पठार आहे. परत येताना वाटेत आपला माळ लागतो, तिथे गाडी थांबवतो ती फक्त लघवीला. माफ करा, पण हे खरं आहे.

कुणी म्हणेल, गुरुजी, तरवडाचा उपयोग काय? जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही, फळ खायचं नाही. बरं, उपयोग सांगतो. तमिळ मुलखात त्याला आवारम म्हणतात. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर, आणि आफ्रिकेतली वॅटल या झाडाची साल बाजारात येईपर्यंत दक्षिणेतला कातडी कमावण्याचा मोठा धंदा या सालीवर उभा होता. जनावर खात नाही म्हणूनच ते चराऊ माळावर टिकतं आणि माती धरतं. फिकट हिरवट-पांढऱ्या भटक्या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या कुळातल्या झुडपांच्या पानांवर वाढतात. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो, वडील खडी फोडायला जायचे, घरात मिलो या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी. शाळेच्या वाटेवर हिरवं म्हणून जे काही दिसायचं ते तरवड आणि रुई. त्याचं काही करता येत नव्हतं, हे कबूल. पण अंदाजपत्रकाच्या नियमाने बघायचं तर मी, तुम्ही आणि अक्काही उपयोगाच्या रकान्यात फार वेळ टिकणार नाही.

आता मागण्या. खर्चाच्या नाहीत, उलट काही ठिकाणी पैसे वाचतील.

लागवडीच्या अंदाजपत्रकातून ‘झुडपे मुळासह काढणे’ ही सरसकट बाब काढा. खड्डा जिथे घ्यायचा तेवढी जागा मोकळी करा, बाकी उतार जसा आहे तसा राहू द्या. वेडी बाभूळ, टणटणी, गाजर गवत काढायचं असेल तर त्यांची नावं लिहून काढा. नाव लिहिलं की मजुराला कळतं काय काढायचं आणि काय नाही. तरवड, हिंगणबेट, बोर, हिवर, मेडशिंगी यांची नावं ‘काढू नये’ खाली लिहा.

नांग्या भरताना मेलेल्या रोपाच्या जागी आपोआप उगवलेलं स्थानिक झुडूप असेल, तर ते जगलेलं रोप म्हणून धरा. जिवंत रोपांच्या टक्केवारीची चिंता तुम्हालाही असते, त्यात हे तुमच्याच उपयोगी पडेल.

गवताळ माळावर नवी लागवड ठरवण्याआधी एकदा, पावसाळ्यात, भाद्रपद-आश्विनात, तिथे जाऊन बघा. मे महिन्यात पाहणी करून जागा रिकामी ठरवू नका. मे महिन्यात सोलापुरात माणूसही रिकामा दिसतो.

रस्त्याच्या कडेची कापणी शेंगा वाळल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनात करा. वळणावर, चौकात, जिथे समोरचं दिसत नाही तिथे केव्हाही कापा, त्यावर वाद नाही.

मोजणी सुरू करा. जिल्ह्यात काही ठरावीक पट्टे निवडा आणि दर आश्विनात तिथली झुडपं मोजा. शाळा हे काम फुकट करतील, शिक्षकांना मी शिकवतो. पाच वर्षांनी आकडे काही वेगळंच सांगतील आणि माझी भीती खोटी ठरेल, तर मी जाहीर माफी मागेन. मला ते आवडेल.

रोपवाटिकेत तरवड ठेवा. आज गुलमोहर मागितला तर शंभर रोपं मिळतात, तरवड मागितला तर माणूस तोंडाकडे बघतो. दुभाजकातली बोगनवेल मरेल त्या जागी तो लावून बघा. पहिलं वर्ष जगला की त्याला टँकर लागणार नाही.

आणि त्या नोंदवहीची किल्ली शोधा.

मी या मागण्यांसाठी उपोषणाला वगैरे बसणार नाही, वय नाही आणि साखर आहे. घटस्थापनेपर्यंत उत्तराची वाट बघेन. उत्तर अडीच ओळींचं आलं तरी चालेल, फक्त त्यात ‘सबब’ नंतरचं वाक्य वेगळं असू द्या.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
सोलापूर

ता. क. : त्या गायरानाच्या बांधावर एक झुडूप मजुरांच्या नजरेतून सुटलं होतं. त्याच्या वाळलेल्या शेंगांचं पाकीट मी संबंधित कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीत दिलं आहे. खिडकीतल्या मुलीने त्यावर रीतसर शिक्का मारून पोच दिली. बियांचं कवच कठीण असतं, पेरण्याआधी कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा. जून उजाडायच्या आत पाकीट कुणाच्या तरी टेबलावर उघडलं जावं.